अश्वहृदय आणि वऱ्हाडची पागा

महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यान ज्यांनी वाचले आहे, त्यांना अयोध्येहून विदर्भाकडे निघालेल्या त्या एका दिवसाच्या विलक्षण प्रवासाचे स्मरण असेलच. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता ऐकून राजा ऋतुपर्ण उतावीळ झालेला, शंभर योजनांचे अंतर एका दिवसात कापावयाचे, आणि सारथी म्हणून बाहुकाच्या रूपात दडलेला नल. या नलाने राजाच्या अश्वशाळेतून जे घोडे निवडले ते पुष्ट आणि तुकतुकीत नव्हते, तर अंगाने कृश होते, आणि ते पाहून, असली दुबळी जनावरे आपल्याला विदर्भापर्यंत कशी पोहोचविणार, अशी शंका ऋतुपर्णाने घेतली. नलाने आपली निवड बदलली नाही. वाटेत एका बेहड्याच्या झाडापाशी ऋतुपर्णाने फांद्यांवरील पाने व फळे मोजून दाखविली, फाशांचे मर्म म्हणजे अक्षहृदय नलाला दिले, आणि त्याच्या मोबदल्यात मिळावयाचे अश्वहृदय तूर्त ठेव म्हणून नलापाशीच राहू दिले. ती ठेव नलाने परत केली ती कुंडिनपुरात. हे कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यातील वर्धेच्या काठचे कौंडण्यपूर, अशी आपल्याकडील परंपरा आहे. परंपरेचा शब्द मानला तर घोड्याच्या अंतरंगाची विद्या एका हातातून दुसऱ्या हातात गेली ती वऱ्हाडच्या मातीवर.

त्या कथेतील कृश घोड्यांनी माझ्या मनात फार दिवस घर केले आहे. घोडा पोसण्याचा व्यवसाय या प्रांतात शतकानुशतके चालला, त्यासाठी कर बसले, तह झाले, मुलूख गहाण पडले, आणि त्या साऱ्या कालखंडात पागेतल्या अनुभवी माणसांना एक गोष्ट कृतीतून ठाऊक होती, की घोड्याचे अन्न, त्याचा ऋतू, त्याचा स्वभाव आणि त्याचे खूर ही चार निरनिराळी प्रकरणे नव्हेत. या चारही गोष्टींना ओवणाऱ्या सूत्रांपैकी एक मोठे सूत्र गेल्या अर्धशतकात शास्त्रज्ञांच्या हाती लागले असून त्याचे नाव डोपामाइन असे आहे. मेंदूत निर्माण होणारे हे साधेसे रसायन घोड्याच्या संप्रेरकांवर आणि त्याच्या चयापचयावर केवढा अंमल गाजविते, हे समजून घेताना वऱ्हाडच्या पागांचा जुना वृत्तांत मला पुन्हा नव्याने वाचावासा वाटला.

अश्ववैद्यकाची आपल्याकडील परंपरा शालिहोत्र मुनींच्या नावाने ओळखली जाते, आणि घोड्यांच्या वैद्याला ‘सालोत्री’ म्हणतात तो शब्दही त्याच नावावरून आलेला आहे. नकुलाच्या नावावर असलेले ‘अश्वचिकित्सित’ आणि जयदत्ताचे ‘अश्ववैद्यक’ हे दोन ग्रंथ कलकत्त्याच्या बिब्लिओथिका इंडिका मालेत गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात छापले गेले. नकुलाचा वऱ्हाडशी संबंध जोडणारी एक लोककथा मेळघाटात आजही सांगितली जाते. चिखलदऱ्याजवळचे वैराट हे विराटनगरीचे स्थान आणि चिखलदरा म्हणजे मुळात कीचकदरा, असे तिथली माणसे श्रद्धेने म्हणतात. आणि अज्ञातवासात ग्रंथिक या नावाने नकुलाने विराटाच्या अश्वशाळेची चाकरी केली हे तर महाभारतातच आहे. या कथेला इतिहासाचा दाखला मागण्याचे कारण नाही. एका डोंगराळ मुलखाने अश्ववैद्यकाच्या एका आचार्याला आपल्या घरचा चाकर मानावे, ही गोष्ट त्या मुलखाच्या मनाविषयी पुरेसे सांगते.

दप्तरी इतिहासाच्या काळात आल्यावर मात्र श्रद्धेची जागा जमाखर्च घेतो. एलिचपुरास, म्हणजे आजच्या अचलपुरास, इमादशाहीची गादी 1574 पर्यंत होती; पुढे अहमदनगरची निजामशाही आणि त्यामागून 1596 च्या सुमारास मोगलांचा अंमल आला. दक्षिणेतल्या या सर्व सत्तांना चांगला घोडा समुद्रमार्गे आणावा लागे, चौल आणि दाभोळसारख्या बंदरांत तो उतरे, आणि म्हणून त्याची किंमत माणसाच्या किमतीपेक्षा अधिक पडे. अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त बादशाही तबेल्याची जी व्यवस्था नोंदविली आहे, तीत घोड्याच्या दर्जाप्रमाणे दाणा, तूप आणि साखरही बांधून दिलेली आढळते. एवढा महागाचा घोडा साखरतुपावर पोसण्यात बादशाही थाट होता यात शंका नाही. परंतु त्या थाटाची किंमत घोड्याच्या खुरांना मोजावी लागत असली पाहिजे, असे मी आज म्हणू शकतो, आणि त्याचे कारण पुढे येईलच.

मराठ्यांची रीत याहून निराळी आणि माझ्या मते अधिक शहाणपणाची होती. शिवाजी महाराजांच्या पागेत पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे, म्हणजे पाणी आणि खूर या दोन गोष्टी सरकारने आपल्या नजरेखाली ठेवल्या होत्या. चिपळूणकडील छावणीच्या जुमलेदारांना महाराजांनी लिहिलेले पत्र सुप्रसिद्ध आहे: पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा आणि वैरण आताच मन मानेल तशी उडवाल तर पुढे घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारलीत असे होईल, असा त्यातील आशय. भूक आणि अतिपोषण या दोन्ही टोकांपासून जनावराला दूर ठेवणारी ही मोजून देण्याची शिस्त हाच चांगल्या पागेचा पाया होता.

वऱ्हाडवर नागपूरकर भोसल्यांचा हक्क प्रस्थापित झाल्यानंतर येथील रयतेच्या कानी एक शब्द वारंवार पडू लागला, तो म्हणजे ‘घासदाणा’. नावावरूनच कळावे असा हा कर होता: फौजेच्या घोड्यांच्या वैरणीसाठी आणि चंदीसाठी मुलखातून वसूल करावयाचा पैसा. हा हक्क भोसल्यांना इतका मोलाचा वाटे, की 1769 साली थोरल्या माधवरावांनी जानोजी भोसल्यांशी कनकापूरचा तह केला तेव्हा औरंगाबादेकडील पेशव्यांच्या परगण्यांतून घासदाणा घेऊ नये, हे कलम तहात घालावे लागले. इकडे वऱ्हाडात हैदराबादचा निजाम आणि भोसले यांची दुअंमली चालली होती. एकाच गावच्या उत्पन्नावर दोन धन्यांचे कमाविसदार येत आणि पूर्णेच्या खोऱ्यातील कुणबी काळ्या जमिनीत पिकविलेल्या ज्वारीचा कडबा दोन पागांना पुरवी. 29 नोव्हेंबर 1803 रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगावच्या मैदानावर भोसले आणि शिंदे यांच्या फौजांची इंग्रज सेनापती वेलस्लीशी गाठ पडली, 15 डिसेंबरला गाविलगड पडला, आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह होऊन वर्धेच्या पश्चिमेकडील भोसल्यांचा बहुतेक अंमल संपला. त्या नोव्हेंबरात, उभ्या पिकांतून मोकळ्या सुटलेल्या हजारो घोड्यांनी पायनघाटाची, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्याची, काय दशा केली असेल, याची कल्पना ज्याने पीक हाताशी आलेले शेत पाहिले आहे त्यालाच येईल.

परंतु वऱ्हाडच्या इतिहासात घोड्याची खरी जागा कळते ती त्यानंतर पन्नास वर्षांनी. 21 मे 1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे प्रांत कंपनी सरकारच्या ताब्यात दिले, आणि ते का दिले, तर हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेच्या खर्चाची तरतूद व्हावी म्हणून. या फौजेत पाच हजारांहून कमी नसलेले पायदळ, दोन हजारांहून कमी नसलेले घोडदळ आणि चार तोफखाने असावेत असे तहातच नमूद होते. धाराशिव आणि रायचूर थोड्याच वर्षांत निजामाकडे परत गेले, वऱ्हाड राहिला. अर्थात एका सुपीक प्रांताच्या जमाबंदीतून जो पैसा निघत होता त्याचा एक मोठा हिस्सा दोन हजार घोड्यांच्या आणि त्यांवरील स्वारांच्या निर्वाहासाठी बांधला गेला होता. साडेतीनशे किलो वजनाचा दक्षिणी घोडा धरला, तर त्याला दिवसाकाठी सहा-सात किलो कोरडा चारा लागतो. दोन हजार घोड्यांचा हिशेब केला तर रोजचा बारा ते चौदा हजार किलो चारा होतो, आणि त्यात चंदी अजून धरलेलीच नाही. हे सारे घोडे वऱ्हाडात नव्हते; हिंगोली, औरंगाबाद, बोलारम अशी त्या फौजेची ठाणी दूरवर पसरली होती. पण एलिचपुराशेजारी परतवाड्याला तिची मोठी छावणी अनेक दशके नांदली, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या त्या गावाचा बाजार, त्याच्या पेठा आणि त्याचे रस्ते हे त्या छावणीचेच अपत्य आहे.

कंटिंजंटचे घोडदळ शिलेदारी पद्धतीचे होते. शिलेदाराने घोडा स्वतःचा आणावयाचा, त्याचे पोषण आपल्या पगारातून करावयाचे, आणि घोडा कामी आला तर नव्या घोड्यासाठी पलटणीत जमा होणाऱ्या ‘चंदा’ नावाच्या निधीचा आधार घ्यावयाचा. सरकारी तबेल्यातील शिपायाला घोडा म्हणजे सरकारची मालमत्ता. शिलेदाराला घोडा म्हणजे घरचे शेत. म्हणून पहाटे खराऱ्याचा आवाज सुरू झाला, की मोतद्दाराच्या मागे शिलेदार स्वतः उभा राही, आगाडी-पिछाडी तपासी, तोबऱ्यात हात घालून हरभरा नीट भिजला आहे का ते पाही, आणि चालताना घोडा कोणता पाय जपून टाकतो तिकडे लक्ष देई. दक्षिणेत हरभऱ्याच्या जोडीने उकडलेले कुळीथही चंदीत असत. वैरणीला ज्वारीचा कडबा आणि डोंगरकुरणातले वाळले गवत. नवख्या ज्वारीच्या पोग्यांत घोडा सोडावयाचा नाही, कारण किराळ लागते. घामेजलेल्या घोड्याला एकदम पाणी दाखवावयाचे नाही. आणि ज्या दिवशी घोड्याला काम नाही त्या दिवशी चंदी आखडती घ्यावयाची. हे नियम कोणी लिहून ठेवण्याची गरज नव्हती. भाकरी, पान आणि घोडा या तिघांना न फिरविल्याने काय होते, हे कोडे मराठी घरातले पोर आजही सोडविते. घोड्याच्या वाट्याचा त्यातला भाग हा पागेतला अनुभव आहे.

सालोत्र्याला सर्वांत अधिक भीती वाटे ती खुराची. धान्याच्या पोत्यात तोंड घालून मनसोक्त चरलेला, किंवा काम न करता अनेक दिवस भरपूर चंदीवर बांधलेला घोडा एके सकाळी पुढचे दोन्ही पाय पुढे ताठ टाकून, शरीराचा भार मागच्या पायांवर घेऊन खिळल्यासारखा उभा राही. खूर हाताला गरम लागे, पाऊल उचलावयास जनावर तयार नसे. खुराच्या कवचाला आतील अस्थीशी बांधून ठेवणाऱ्या पडद्यांचा हा दाह. तो वाढला तर अस्थी आपल्या जागेवरून फिरते आणि घोडा कायमचा निकामी होतो. आजाराचे मूळ पोटात आहे हे सालोत्र्याला ठाऊक होते. पोटातून ते खुरापर्यंत कोणत्या वाटेने जाते हे मात्र जगातल्या कोणालाच ठाऊक नव्हते. त्या वाटांपैकी एक 2007 साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवून दिली. त्यांनी निरोगी तट्टांच्या रक्तात दीर्घकाळ इन्शुलिन सोडले आणि साखरेचे प्रमाण मात्र ढळू दिले नाही. केवळ वाढलेल्या इन्शुलिननेच त्या तट्टांचे खूर धरले. साखर आणि पिष्ट यांनी इन्शुलिन चढते, शरीर त्याला दाद देईनासे झाले की ते आणखी चढते, आणि त्याचा घाव अखेर पावलावर बसतो. बादशाही तबेल्यातल्या साखरेविषयी मी वर जे म्हटले त्याचे कारण हे. नलाने पुष्ट घोडे सोडून कृश घोडे का घेतले असावेत, याचाही उलगडा मला येथे थोडासा होतो.

आता डोपामाइनकडे वळावयास हरकत नाही. हे मेंदूतील एक स्वतंत्र संदेशवाहक द्रव्य आहे, हे स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसन यांनी 1950 नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात सिद्ध केले आणि त्यासाठी त्यांना 2000 साली नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या बाबतीत कंपवाताशी असलेला त्याचा संबंध आपल्या परिचयाचा आहे. घोड्याच्या बाबतीत मात्र त्याची सत्ता एका निराळ्याच ठिकाणी, पीयूषिका म्हणजे पिट्युटरी ग्रंथीच्या मधल्या खंडावर, प्रकर्षाने दिसते. माणसात हा मधला खंड जवळजवळ नाममात्र उरला आहे. घोड्यात तो चांगला विकसित असतो आणि अनेक संप्रेरके निर्माण करतो. या खंडाला कामाला लावणारा हुकूम लागत नाही, त्याला आवर घालणारा हुकूम लागतो. हायपोथॅलॅमसमधून निघालेल्या चेतापेशींचे तंतू थेट या खंडात उतरतात आणि तेथे अहोरात्र डोपामाइन सोडून त्याला मर्यादेत ठेवतात. खजिन्याच्या दारावर चौकीदार बसवावा तशी ही व्यवस्था आहे. घोडा वृद्ध झाला की हे चौकीदार एकेक करून खचतात. अशा घोड्यांच्या मधल्या खंडात डोपामाइन अनेक पटींनी घटलेले आढळते. मग आवर सुटलेला तो खंड फुगतो आणि आपला माल रक्तात बेहिशेब ओतू लागतो.

त्या मालातील मुख्य जिन्नस एकाच मोठ्या प्रथिनाचे तुकडे करून तयार होतात. त्यांतील एक अधिवृक्क ग्रंथींना डिवचणारे, ज्याला वैद्यकात एसीटीएच म्हणतात. दुसरे केस, रंग आणि भूक यांच्याशी निगडित. तिसरे अफूच्या जातीचे, वेदना बोथट करणारे. परिणाम असा होतो, की घोड्याचे केस लांब, दाट आणि कुरळे होतात व उन्हाळा आला तरी गळत नाहीत. पाठीवरचे मांस उतरते आणि पोट लोंबते. तहान वाढते, मूत्र वाढते, घाम फुटतो. जखमा लवकर भरत नाहीत. अशा अनेक घोड्यांत इन्शुलिनचा समतोलही बिघडतो, आणि तसा तो बिघडला की वर सांगितलेला खुराचा दाह दारात उभाच असतो. माणसातील अशाच लक्षणसमूहाचे वर्णन हार्वे कुशिंग यांनी 1912 मध्ये केले होते, त्यावरून घोड्यातील विकारालाही दीर्घकाळ त्यांचेच नाव चिकटले. पण माणसात बिघाड पुढच्या खंडात होतो, घोड्यात मधल्या. ऑस्ट्रेलियातील एका पाहणीत पंधरा वर्षांपुढील घोड्यांपैकी सुमारे पंचमांश घोड्यांत हा विकार आढळला. कंटिंजंटच्या सालोत्र्याने तो क्वचितच पाहिला असेल, कारण रणातला घोडा एवढे वय पाहतच नसे. त्याच्या दृष्टीस पडले ते इन्शुलिनचे, तरुण घोड्यांचे दुखणे. केसाळ म्हातारा घोडा दिसला असेल तर तो गावच्या पाटलाच्या दारात, जेथे जुन्या तट्टाला मरेपर्यंत सांभाळण्याची रीत होती, आणि म्हातारपणी तो भलताच गरीब झाला असे घरच्यांनी कौतुकाने म्हटले असेल. ती गरिबी त्या अफूसदृश संप्रेरकाची असू शकते, असे आजचे पशुवैद्य मानतात.

ऋतूचा विचार केल्याशिवाय हे प्रकरण पुरे होत नाही. दिवस लहान होऊ लागले की निरोगी घोड्याच्या पीयूषिकेचा मधला खंडही अधिक काम करू लागतो, आणि उत्तर गोलार्धात ही चढती कमान भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास शिखराला जाते. हिवाळ्यासाठी अंगावर केस आणि चरबी चढविण्याची ती निसर्गाची तजवीज आहे. मराठी फौजेचे वर्ष या कमानीशी किती जुळते पाहा. चातुर्मासात घोडे छावणीला बांधलेले, पावसाने कुरणे हिरवी झालेली, काम थोडे. आणि दसऱ्याला घोडा सजवून, त्याची पूजा करून सीमोल्लंघनाला बाहेर पडावयाचे. चार महिन्यांच्या विश्रांतीनंतर, अंगावर मांस चढलेल्या आणि शरीर चरबी साठविण्याच्या बेतात असलेल्या घोड्याला नेमक्या त्याच वेळी दीर्घ मजला कराव्या लागत, आणि चालण्यासारखे इन्शुलिनला ताळ्यावर आणणारे दुसरे औषध नाही. आश्विन महिन्याच्या नावाशी ज्यांचे नाव जुळते त्या अश्विनीकुमारांना आपल्या पूर्वजांनी देवांचे वैद्य मानले, आणि नकुल त्यांचाच पुत्र. याशिवाय आपल्या अक्षांशाचाही एक लाभ आहे. इंग्लंडात सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत नऊ तासांचे अंतर पडते. अकोल्यास ते सुमारे अडीच तासांचेच आहे, त्यामुळे प्रकाशाचा चाबूक येथल्या घोड्यावर तितक्या जोराने बसत नसावा. पण केस न गळण्याचे संकट मात्र येथेच अधिक क्रूर ठरते. ज्या गावचा पारा वैशाखात 45 अंशांच्या पलीकडे जातो, तेथे हिवाळी घोंगडे अंगावरून उतरू न शकणाऱ्या जनावराचे हाल शब्दांनी काय सांगावेत!

वऱ्हाडच्या ज्वारीशीही डोपामाइनचा एक अनपेक्षित संबंध आहे. पीक फुलोऱ्यात असताना थंडी आणि ओल लांबली की कणसांतून मधासारखा चिकट स्राव पाझरतो. शेतकरी त्याला ‘चिकटा’ म्हणतो, शास्त्र त्याला अरगट म्हणते. अरगटाच्या कुळातील विषद्रव्यांची घडण डोपामाइनशी एवढी मिळतीजुळती असते, की शरीर फसते. दुधाचे संप्रेरक प्रोलॅक्टिन. त्यालाही डोपामाइनच आवर घालते. म्हणून असले विष पोटात गेलेल्या माद्यांचे दूध आटते. अमेरिकेत फेस्क्यू नावाच्या गवतातील बुरशीने गाभण घोड्यांची अशीच दैना होते: दिवस उलटून जातात, वार जाड होते, शिंगरू जन्मते आणि सडात दूध नसते; डोपामाइनला अटकाव करणारे डॉम्पेरिडोन दिले की दूध उतरते. ज्वारीवरील अरगट 1996 मध्ये ऑस्ट्रेलियात पोहोचला तेव्हा तेथल्या डुकरिणींचे दूध आटल्याचे दिसून आले. आणि आश्चर्य असे, की वृद्ध घोड्याच्या सुटलेल्या पीयूषिकेला पुन्हा आवर घालणारे आजचे प्रमुख औषध, पर्गोलाइड, हेही अरगटाच्याच वंशातले आहे. माणसांच्या हृदयाच्या झडपांना त्याने अपाय होतो असे दिसल्यावर अमेरिकेत 2007 साली ते मानवी वापरातून मागे घेण्यात आले. घोड्यांसाठी 2011 मध्ये त्याला रीतसर मान्यता मिळाली.

स्वभावाचे काय? वऱ्हाडात घोड्याच्या स्वभावाची गोष्ट निघाली की शेगावची आठवण न होणारा माणूस विरळा. दासगणूंच्या ‘श्रीगजाननविजय’ ग्रंथाच्या नवव्या अध्यायात कीर्तनकार गोविंदबुवा टाकळीकरांच्या द्वाड घोड्याची कथा आहे: साखळदंडाने बांधावा लागणारा तो घोडा, गजानन महाराज त्याच्या चार पायांमध्ये जाऊन निजल्यावर, शांत उभा राहिला. भक्ताच्या दृष्टीने ती महाराजांची लीला, आणि तिला मी हात लावीत नाही. मला तिच्यातील दुसरे एक सत्य महत्त्वाचे वाटते. सदैव बांधून ठेवलेल्या घोड्याचा स्वभाव बिघडतो ही त्या काळच्या प्रत्येक श्रोत्याच्या ओळखीची गोष्ट होती. असा घोडा गव्हाणीची कड दातांत धरून हवा गिळू लागतो, तासन् तास डुलत राहतो. आणि अशा घोड्यांच्या मेंदूत डोपामाइन स्वीकारणाऱ्या यंत्रणेची घडण बदललेली आढळली आहे. दाणा फार, चारा थोडा, मोकळीक नाही आणि सोबत नाही, ही त्याची कारणे. घोडे पेंड खाते ते येथेच: पोट बिघडविणारी आणि मन बिघडविणारी परिस्थिती एकच आहे.

नलाच्या कथेकडे क्षणभर परत जावेसे वाटते. कंपवातावर डोपामाइनसारखे काम करणारी औषधे देण्यात आलेल्या काही माणसांना अनावर जुगाराचा नाद लागल्याचे वैद्यकाने नोंदविले आहे. औषध थांबविले की तो नादही ओसरतो. नलाला द्यूताने ग्रासणारा कली बेहड्याखाली त्याच्या देहातून बाहेर पडला, आणि ज्या सौद्यात तो बाहेर पडला त्यात एका पारड्यात अक्षहृदय होते, दुसऱ्यात अश्वहृदय. महाभारतकारांना रसायन ठाऊक होते असे म्हणण्याचा भाबडेपणा मी करणार नाही. परंतु फाशाचे वेड आणि घोड्याचे मर्म या दोन विद्या एकमेकींच्या बदल्यात देण्याजोग्या आहेत असे ज्या कवीला वाटले, त्याची दृष्टी फार खोल होती.

पागांचा शेवट लवकर सांगून होण्याजोगा आहे. 1867 साली रेल्वे बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचली आणि कापूस, टपाल व प्रवासी यांची वाट बदलली. घोडा टांग्यापुरता आणि पाटलाच्या दारापुरता उरला. 1902 मध्ये कर्झनने सालीना 25 लाख रुपये खंडावर वऱ्हाडचा कायमचा पट्टा निजामाकडून करून घेतला, आणि पुढच्याच वर्षी कंटिंजंट हिंदी सैन्यात विलीन झाली. तिच्या रिसाल्यांतून जे डेक्कन हॉर्स घडले त्याने 14 जुलै 1916 रोजी फ्रान्समध्ये, सोमच्या लढाईत, हाय वूड येथे भाले रोखून घोडदौड केली. आज त्या पलटणीकडे रणगाडे आहेत. मुंबईस 1886 साली पशुवैद्यकाचे महाविद्यालय निघाल्यावर सालोत्र्याची जागा हळूहळू पदवीधर डॉक्टराने घेतली, ते योग्यच झाले. मात्र सालोत्र्याबरोबर रोज पहाटे घोड्याकडे नखशिखांत पाहण्याची सवयही गेली, ही हानी मोठी आहे.

अमरावती-अकोल्यात आज जो घोडा सामान्य माणसाच्या दृष्टीस पडतो तो वरातीचा. तुळशीचे लग्न लागले की लगीनसराई सुरू होते आणि पांढरी घोडी रात्र-रात्र दिव्यांच्या झगमगाटात उभी राहते. दिवसा बांधलेली असते, आणि वऱ्हाडी मंडळी हौसेने तिच्या तोंडात गूळ, बुंदी, जिलेबी भरवितात. त्या वऱ्हाडी मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे, की तिला गोड भरवू नका. द्यावयाचेच असेल तर मूठभर वाळले गवत द्या. आणि चैत्र सरून वैशाख लागला तरी एखाद्या वृद्ध घोडीच्या अंगावरचे लांब केस गळलेले नसतील, किंवा ती पुढचे पाय ताठ टाकून मागच्या पायांवर तोललेली दिसली, तर तिच्या मालकाला बाजूला घेऊन तेवढे सांगा आणि जनावरांच्या दवाखान्याची वाट दाखवा. अकोल्यास पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे. या विकाराचे निदान रक्ताच्या तपासणीवरून होते.